डावी बाजू बंद आहे

४ जानेवारी २०२५, शनिवार

काम मिळालं! मुंबईच्या संस्थेतून राही मॅडमचा फोन आला. शिडाच्या गलबतांवर काम केलेल्या जुन्या खलाशांच्या चाळीस मुलाखती आहेत. ऐकायच्या आणि शब्दन्‌शब्द टाइप करायच्या. नमुन्याच्या फाइलमध्ये माझी एकच चूक निघाली. "आमच्या इथल्या मुलांना हे शब्द ऐकूच येत नाहीत हो, तुमचा कान तयार आहे," असं म्हणाल्या. दिवसभर तेच वाक्य मनात घोळवत होते. टायपिंगचा क्लास बंद करून दोन वर्षं झाली. त्यानंतर मला कोणी काही चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

अडचण एकच, टीव्ही. भालचंद्र जहाजावर, ऋतिका पुण्याला शिकायला, त्यामुळे भाट्याच्या या घरात मी आणि सासूबाई दोघीच. आईंना कमी ऐकू येतं. आमची मालिका खाडीपलीकडे राजिवड्यालाही ऐकू जात असेल. पण खरं सांगायचं तर मला वाटतं, त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं. आज "आई, दूध उतू जातंय" म्हणून तीनदा ओरडले, तर ढिम्म. आणि फोन त्यांच्या हातात दिला, ऋतिकाने हळूच "आजी, काय करतेस?" विचारलं, तर लगेच "काय नाय गो रितू!" याला काय म्हणायचं?

जुने इअरफोन चालणार नाहीत. चांगले हेडफोन घ्यायचे. ऋतिकाने सोळा नावांची यादी पाठवली आहे. वाचूनच डोकं गरगरलं.

६ जानेवारी, सोमवार

मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेले. दुकानदार नितेश, तिशीचा असेल. मी यादी पुढे केली, ती त्याने वाचलीच नाही. "कशासाठी पायजे ते सांगा आधी," म्हणाला. मी सांगितलं, दिवसाचे सहा-सात तास माणसांचं बोलणं ऐकायचंय.

"मग कानावर दाबून बसणारा नको, दुखेल. कानाभोवती बसणारा घ्या. आणि वायरवाला. चार्जिंग संपलं, अडकलं, असली भानगड नाही."

मी माझीच फाइल बरोबर नेली होती. एकेक घालून तेच एक मिनिट ऐकलं. पहिल्यात म्हातारा पिंपात बसून बोलतोय असं वाटलं. दुसऱ्यात सगळे 'स' टोचत होते. तिसऱ्यात त्याने बोलायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. मी म्हटलं, हाच. नितेश हसला, "तुम्हाला कळतं, मॅडम. बाकीचे नुसता रंग बघतात."

घरी येऊन तीन तास काम केलं. या मुलाखती दोन माइकवर घेतल्या आहेत. प्रश्न विचारणारा मुलगा डाव्या कानात, खलाशी उजव्या कानात. मी मधोमध. जणू तिघं ओटीवर बसलोय. आईंचा टीव्ही शेजारच्या खोलीत चालू होता, पण मला पत्ता नव्हता.

९ जानेवारी, गुरुवार

काल कोल्हापूरला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा झाला. आज एसटीने परत. सर्दी झाली आहे. आंबा घाटात कानांना दडे बसले. उजवा साखरप्याला सुटला, डावा अजून गच्च आहे. सुटेल उद्या. पाठ मोडली आहे, एवढंच लिहिते.

१० जानेवारी, शुक्रवार

हेडफोनची डावी बाजू बंद पडली! चार दिवसांत! माझा विश्वासच बसेना. सकाळी फाइल लावली तर नुसता खलाशी बोलतोय, प्रश्न विचारणारा गायब. वायर काढून पुन्हा घातली, हलवली, दुसऱ्या फाइली लावल्या. सगळीकडे तेच. म्हातारा मधेच हसतो, मधेच "नाय नाय, तसं नव्हतं ते" म्हणतो, आणि काय विचारलं होतं ते कळत नाही. इतकं पारखून घेतलेली वस्तू, आणि ही गत?

आजचा दिवसच वाईट. उठल्या उठल्या भिंत फिरल्यासारखी झाली, उलटीही झाली. कोल्हापूरचा तांबडा रस्सा बाधला असणार. पित्ताची गोळी घेतली. शिवाय इन्व्हर्टरमधून सारखा गूंऽऽ असा आवाज येतोय. आईंना विचारलं, "तुम्हाला येतो का आवाज?" मग स्वतःचंच हसू आलं. कोणाला विचारतेय!

११ जानेवारी, शनिवार

नितेशकडे गेले. त्याने हेडफोन कानाला लावला आणि म्हणाला, "चालू आहे की, मॅडम. दोन्ही बाजू चालू आहेत."

"म्हणजे मी खोटं सांगते?"

"तसं नाही म्हणत..."

"मला सहा तारखेला श्वास ऐकू येत होता. आज माणूस ऐकू येत नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. नितेशने मुकाट्याने नवा सीलबंद डबा काढून दिला. चूक असली की माणूस लगेच गप्प बसतो.

१३ जानेवारी, सोमवार

यालाही डावी बाजू नाही. मी सुन्न झाले आहे. अख्खा लॉटच खराब असणार.

काम तर थांबवता येत नाही. उत्तरावरून प्रश्न काय असेल ते ताडते आणि कंसात 'प्रश्न अस्पष्ट' लिहिते. पाच फाइली अशाच पाठवल्या.

इन्व्हर्टरवाला भिकाजी येऊन गेला. मेन स्विच बंद करून म्हणाला, "आता?" मी म्हटलं, येतोच आहे. त्याने वायर काढून हातात धरली. "वहिनी, आता हा नुसता डबा आहे." तरी आवाज येतोच आहे. मग फ्रिजचा असेल. तो माझ्याकडे असा बघत होता की मला राग आला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ द्यायला शेजारी सुर्व्यांकडे गेले. सुर्वे काकू फाटकातून तीन हाका मारत होत्या म्हणे, मी सरळ पुढे निघून गेले. "एवढा कसला विचार चाललाय?" म्हणाल्या. खरंच, या हेडफोनने डोक्याचा भुगा केला आहे.

घरी आल्यावर आईंनी मला समोर बसवलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा कान बिघडलाय गो."

"कोणाचा?"

"तुझा. डावा. चार दिस बघतंय मी. मान वाकडी करून ऐकतंस. कान दाखवून ये."

मला हसावं की रडावं कळेना. टीव्हीचा आवाज चाळीसवर ठेवणारी बाई मला सांगते! मी म्हटलं, "आई, घाटात दडे बसलेत, सर्दी आहे. कापूस ठेवला की सुटेल." त्यांनी हात झटकला आणि उठून गेल्या. त्यांना आपल्यासारखं कोणीतरी हवं असावं. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण वाटलं ते लिहिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज तमाशा झाला. तिसरा हेडफोन, तोही दुसऱ्या कंपनीचा, दुकानातच उघडून घातला. डावी बाजू बंद!  मी ओरडलेच, "तुम्ही मला बंद पडलेला माल गळ्यात मारताय!"

नितेश हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एकदा उलटा घालून बघा. डावी बाजू उजव्या कानाला. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण कानाच्या डॉक्टरांना एकदा..."

"माझ्या कानाला नावं ठेवू नका," मी म्हटलं. "मुंबईहून लोक माझा कान वापरायला येतात." हे वाक्य आता किती बावळट वाटतं. पण म्हटलं खरं. हेडफोन त्याच्या टेबलावर आपटला, मग पुन्हा उचलला, कारण काम करायचं होतं. घरी येऊन दुकानाच्या नावाखाली इंटरनेटवर एक तारा दिला आणि लिहिलं: 'तीन वेळा नादुरुस्त माल, वर ग्राहकाचा अपमान.' मग ऋतिकाला फोन करून सगळं पुन्हा सांगितलं. आवाज बराच चढला असावा, कारण आई टीव्ही बंद करून दारात येऊन उभ्या होत्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी राही मॅडमचा फोन. "शमिकाताई, पाचही फाइलींत एकही प्रश्न का नाही?"

मी म्हटलं, "रेकॉर्डिंगमध्येच नाहीत. माइक बंद असेल."

"आहेत हो. मी आत्ता ऐकतेय. अगदी स्वच्छ आहेत."

फोन ठेवला. आई समोर उभ्या. "तो पोरगा सांगत होता ना, उलटा घालून बघ. बघितलंस?"

"नाही."

"घाल."

मी घातला. उलटा.

मुलगा बोलायला लागला. इतके दिवस नसलेला तो मुलगा उजव्या कानात स्पष्ट बोलत होता, "आजोबा, पहिल्यांदा समुद्रावर गेलात तेव्हा किती वर्षांचे होता?" आणि खलाशाने उत्तर दिलं नाही. मी वाट बघत होते. लॅपटॉपच्या पडद्यावर त्याच्या आवाजाची रेघ हलत होती, म्हणजे तो बोलत होता.

डावा कान. हेडफोन नाही. माझा डावा कान.

हेडफोन काढून ठेवला. आईंनी पाणी आणून दिलं. 

१८ जानेवारी, शनिवार

आईच मला घेऊन गेल्या. मी घेऊन गेले नाही, त्या घेऊन गेल्या. रिक्षा त्यांनी थांबवली, डॉक्टर शेवड्यांच्या दवाखान्यात नाव त्यांनी सांगितलं. मी बाहुलीसारखी मागून चालत होते.

एका बंद काचेच्या खोलीत बसवलं. डोक्यावर हेडफोन, लाल बाजू उजवी, निळी डावी. बाहेरची मुलगी म्हणाली, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. उजव्या बाजूला मी भराभर दाबलं. मग ती म्हणाली, आता डावा. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. ती काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मला वाटलं, मशीन लावतेय, आता सुरू करेल. बराच वेळ गेला. मग तिने दार उघडलं आणि म्हणाली, "झालं, मॅडम."

झालं? मी म्हटलं, "सुरू कधी केलंत?"

तिने डॉक्टरांच्या खोलीकडे हात दाखवला.

डॉक्टर तेजस्वी शेवडे माझ्याहून लहान असतील. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. उजव्याची वर, डाव्याची तळाला. आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा. घाटामुळे नाही, सर्दीचे दडेही नाहीत. कारण पुष्कळदा सापडतच नाही म्हणे. चक्कर त्याचीच, आणि तो गूंऽऽ आवाजही. इन्व्हर्टर माझ्याच डोक्यात होता.

"यात पहिल्या दिवशी आलं तर बरं असतं. लवकर गोळ्या सुरू केल्या की कान परत यायची शक्यता जास्त. दोन आठवडे उलटले की हातात फार राहत नाही. तुमचे आठ दिवस गेलेत." मग म्हणाल्या, "पण आलात. पुष्कळ जण महिन्यांनी येतात. कोणी पाठवलं?"

मी आईंकडे बोट दाखवलं. डॉक्टर त्यांच्याशी बोलू लागल्या, तर आईंना पत्ता नाही. डॉक्टर त्यांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. "आजींचाही बघू या का, आलाच आहात तर?"

आई आत जाऊन बसल्या. मी काचेतून बघत होते. उजव्या बाजूला त्यांनी थोडं उशिरा, पण दाबलं. डाव्या बाजूला माझ्यासारख्याच बसून राहिल्या. फक्त त्या वाट बघत नव्हत्या. त्यांना माहीत होतं.

कागद बघून डॉक्टर त्यांच्या उजवीकडे जाऊन बसल्या. "आजी, उजवा वयानं कमी झालाय. पण डावा वयाचा नाही. हा फार जुना आहे. कधीपासून?"

"बाळा सहा महिन्यांचा होता."

मला वाटलं, त्यांना प्रश्न नीट ऐकू आला नसेल. बाळा म्हणजे भालचंद्र. तो आता त्रेचाळीस वर्षांचा आहे.

"गालगुंड झालेलं. ताप उतरला नि कान गेला तो गेलाच."

"कोणाला दाखवलंत तेव्हा?"

"ह्यांना सांगितलं होतं. म्हणाले, दुसरा आहे ना."

 मग आईच डॉक्टरांना म्हणाल्या, "माझं राहू दे. हिच्या गोळ्या लिवा लवकर."

१९ जानेवारी, रविवार

सकाळी स्टेरॉइडच्या आठ गोळ्या एकदम. तोंड कडू. पण लिहायचं ते गोळ्यांचं नाही.

वीस वर्षं मी या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात आहे. मी ओट्याशी उभी असते. त्या खिडकीजवळच्या पाटावर बसतात, डावी बाजू माझ्याकडे करून. वीस वर्षं मी त्यांच्या मेलेल्या कानात बोलते आहे. दूध उतू जातंय, गॅस बंद करा, जेवायला बसा. आणि उत्तर आलं नाही की मनात म्हणते, ऐकायचंच नाही. मनातच नाही, बहिणींनाही सांगितलं आहे. ऋतिकाला फोनवरून त्यांना ऐकू येतं, कारण फोन त्या उजव्या कानाला लावतात. एवढं साधं. चाळीस मुलाखतींत कोण काय बोललं ते मला ओळखता येतं, म्हणून माझी ही ऐट.

मी विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तेव्हा कोणी ऐकलं नाय. मग सांगायची सवयच गेली."

२० जानेवारी, सोमवार

भालचंद्रचा फोन लागला. जहाज कुठल्यातरी बंदरात आहे. माझ्या कानाचं सांगितलं. घाबरला, पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. मग आईंचं सांगितलं.





तो म्हणाला, "शाळेत असताना मी तिची नक्कल करायचो. काय? काय? असं. सगळी पोरं हसायची. ती पण हसायची."

  आई पलीकडे लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

गोळ्यांनी तोंड सुजलं आहे, झोप नाही, भूक मात्र राक्षसासारखी. एमआरआय झाला, त्यात काही वाईट नाही. कान तसाच. डॉक्टर म्हणाल्या, आता कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देऊ, आठवड्याला एक. 

राही मॅडमना सगळं खरं सांगितलं.  म्हणाल्या, काम थांबवते, दुसऱ्या कोणाला देत नाही, महिनाभर बघू. एवढं मी धरून चालले नव्हते.

येताना नितेशकडे गेले. इंटरनेटवर लिहिलेला मजकूर मी कालच काढून टाकला होता. कोणती वाक्यं बोलायची ते रिक्षात ठरवलं होतं. दुकानात शिरल्यावर एवढंच आलं, "तुम्ही बरोबर होता. माझा कान गेलाय."

त्याचा चेहरा पडला. खुर्ची दिली. पण मोठेपणाने "जाऊ द्या" वगैरे म्हणाला नाही. म्हणाला, "मॅडम, मला लय वाईट वाटलेलं. दोन गिऱ्हाइकांनी मोबाइलवर दाखवलं मला ते. आईशप्पथ सांगतो, तिन्ही पीस चांगले होते."

"माहीत आहे."

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, आज एक जाणकार गिऱ्हाईक आलं होतं."

 माफी मागितली की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

दुसरं इंजेक्शन. कानात बधिर करणारे थेंब, मग सुई, मग अर्धा तास मान वळवून पडायचं, गिळायचं सुद्धा नाही. कुशीवर पडल्या पडल्या समोरची भिंत बघायची. आई दोन्ही वेळा आल्या. माझ्या उजव्या हाताला बसून राहतात. आज नर्सने विचारलं, "तुमच्या आई का?" मी हो म्हटलं.

आईंना उजव्या कानासाठी मशीन दिलं आहे. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन दचकल्या. "एवढी भांडी आपटतंस तू? देवा! बरं होतं माझं." दोघी खूप हसलो. मग पंख्याचा आवाज, चपलांचा आवाज, मशीन काढून ठेवतात, पुन्हा घालतात. टीव्ही बाविसावर आला आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा काचेची खोली. डाव्या कानाची पाळी आली. अंगठा बटणावर ठेवला. आणि एक आवाज आला. फार लांबून, ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा, पण आला. बटण दाबलं. आणखी एक. बाहेरची मुलगी काचेपलीकडून मान डोलावत होती.

रेघ वर आली आहे, पण निम्म्यापर्यंतच. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आणखी थोडं येईल, नाहीही येणार. आणखी उशीर झाला असता तर इतकंही कदाचित नसतं." मग कागदावर सही करता करता म्हणाल्या, "आजींच्या ऋणी राहा."

त्या वाक्याने रडू आलं. आईंच्या वेळी त्यांना कोणी रिक्षात घातलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नितेशचाच फोन. "मॅडम, मोबाइल घेऊन या. एक सेटिंग आहे."

गेले. त्याने कुठेतरी आत जाऊन एक बटण सरकवलं. त्याला मोनो म्हणतात. दोन्ही माइकचे आवाज एकत्र होऊन प्रत्येक बाजूला येतात. "मी रात्री शोधत बसलो होतो. लॅपटॉपमध्ये पण असतं. आणि आता तुम्हाला भारीतला नको. डाव्या बाजूचे पैसे कशाला घालवता? हा हलका घ्या, कानाला मऊ आहे, आणि तो परत करा."

फाइल लावली. उजव्या कानात मुलगा म्हणाला, "आजोबा, भीती नाही वाटली?" आणि त्याच कानात म्हातारा म्हणाला, "वाटली तर. पण सांगायची कोणाला?"

पूर्वीची ती बैठक नाही. दोघं एकाच तोंडाने बोलल्यासारखे वाटतात, मधोमध मी नाही. पण प्रश्न आहे आणि उत्तर आहे. दुकानातच दोन पानं टाइप केली असती, एवढा हुरूप आला. नितेश म्हणाला, "चालू आहे ना, मॅडम? दोन्ही माणसं?" म्हटलं, चालू आहेत.

राही मॅडमना पहिली फाइल पाठवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी आईंबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. कधी नव्हे ते दोघीच. सुरूच्या बनातून चालताना आमची पंचाईत झाली. मी त्यांच्या उजवीकडे गेले, म्हणजे त्यांना ऐकू येईल. तर त्या माझ्या डावीकडे आल्या, त्यांचं बोलणं मला कळेना. मग मी बाजू बदलली. आता मला ऐकू येतंय आणि त्यांना नाही. दोघींचाही उजवाच कान. शेजारून चालायचं तर एकीचं बोलणं वाया जाणारच. चार वेळा बाजू बदलून झाली, जाणारी-येणारी माणसं बघायला लागली. शेवटी आई थांबल्या आणि म्हणाल्या, "बस मेली खाली."

वाळूत समोरासमोर बसलो. त्यांची पाठ समुद्राकडे, माझी बनाकडे. असं तोंड समोर धरून आम्ही याआधी कधी बोललो होतो ते मला आठवेना.

मी विचारलं, "पहिल्या दिवशी कसं कळलं तुम्हाला?"

 वाळू चाळत सांगू लागल्या.

"ताप उतरला त्या रात्री गाढ झोपले होते. उजव्या कुशीवर. बाळा बाजूला. त्याला पोटदुखी लागली, रडून रडून काळानिळा झाला, नि मला ठाऊकच नाय. सासूबाय माजघरातून आल्या, मला हलवून उठवलीन. म्हणाली, आई हायस की दगड हायस? सगळ्या वाडीत सांगितलीन. पोर रडतंय नि ही घोरतंय." हातातली वाळू खाली सोडली. "मग मी उजव्या कुशीवर झोपायची सोडली. चांगला कान वर ठेवून झोपायचं. दोन वर्षं. त्याने रडायच्या आधी मी उठायची. हात लावून बघायची, श्वास चाललाय का."

"आणि तुम्ही कोणाला..."

"सांगितलं तर म्हणतील, बहिरी बाय पोर काय सांभाळणार. घेतला असता माझ्याकडून."

 तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. ऋतिकाहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, बस.

"बाळाला नको हां सांगू," त्या म्हणाल्या. "उगाच लागेल जिवाला."

मी मान डोलावली नाही. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. पुढे वाकून, माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून त्यांनी पुन्हा सांगितलं, "नको सांगू."

मी म्हटलं, "आई, ऐकू आलं. सांगणार आहे."

 रागावतील असं वाटलं. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी समोर असताना सांग. तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय."